जागरणाचे भाडे

शनिवारी पहाटे साडेचारच्या सुमाराला नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावर उभे राहिले, तर तास-दीड तासात भाड्याच्या गाड्यांचे तीन नमुने डोळ्यांसमोरून जातात.

पहिली गाडी मुंबईची. टपावर सॅक बांधलेल्या, आत माना टाकून झोपलेली पोरे. पुणे–सातारा महामार्ग सोडून ती नसरापूरकडे वळते आणि मार्गासनीवरून राजगडाच्या पायथ्याकडे निघते. दुसरी गाडी ‘कंपनीला लावलेली’. शिरवळ, खेड शिवापूर भागातल्या कारखान्यांच्या रात्रपाळीची माणसे पोहोचवून ती रिकामी परत येत असते, आणि पहिल्या पाळीची माणसे उचलायला तिला पुन्हा निघायचे असते. तिसरी वेल्ह्याच्या लाइनवरची जीप. तिला वडाप म्हणा, काळी-पिवळी म्हणा. ती उजाडता उजाडता फाट्यावर येऊन नंबर लावते आणि सीट भरायची वाट पाहते.

तिन्ही गाड्यांच्या चालकांना आपण दोनच प्रश्न विचारतो. किती घेणार? किती वेळात पोहोचवणार? या प्रकरणात तिसरा प्रश्न विचारायचा आहे. हा माणूस किती तास जागा आहे, आणि कोणामुळे?

रस्ता सुरक्षेची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा चालकाच्या स्वभावापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तो बेफिकीर होता, त्याला शिस्त नव्हती, त्याने घाई केली. हे कधी कधी खरेही असते. पण भाड्याची गाडी हे ज्याचे कामाचे ठिकाण आहे, त्याची घाई, त्याची पेंग आणि त्याने घेतलेला धोका त्याच्या कामाच्या अटींतून येतो. कारखान्यात यंत्रावर बोट तुटले की आपण विचारतो, पाळी किती तासांची होती, यंत्राला जाळी होती का. रस्त्यावरच्या कामगाराबद्दलही तेच विचारायला हवे.

झोपेची उधारी

पहिल्या गाडीपासून सुरुवात करू. शुक्रवारी रात्री अकराला मुंबईहून निघायचे, पहाटे पायथ्याशी पोहोचायचे, उजाडताच गड चढायचा, दुपारी उतरून जेवायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे. ट्रेकिंगचा हा नेहमीचा बेत. त्यात प्रत्येकाच्या झोपेची सोय पाहिलेली असते. जाताना गाडीत झोप, येताना गाडीत झोप. चालकाची सोय मात्र बेतात कुठेच नसते.

समजा, हा चालक शुक्रवारी सकाळी सहाला उठला. दिवसभर त्याने शहरात भाडी मारली, कारण शनिवारच्या भाड्यासाठी शुक्रवारचा धंदा सोडणे परवडत नाही. रात्री अकराला त्याने ट्रेकवाल्यांना गाडीत घेतले, तेव्हा त्याला जागे राहून सतरा तास झाले होते. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावी पोहोचेपर्यंत बावीस-तेवीस तास होतात.

सतरा तासांचा आकडा मी मुद्दाम घेतला आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक साधा, पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच चमूतल्या माणसांना त्यांनी एकदा जागे ठेवून आणि एकदा मद्य देऊन हात व डोळ्यांच्या समन्वयाची चाचणी घेतली. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरली होती. चोवीस तास जागल्यावर ती ०.१० टक्क्यांच्या जवळपास गेली. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. मुंबईत पहिला गिअर टाकतानाच आपला चालक या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत असतो. नाकाबंदीत त्याच्या तोंडाला यंत्र लावले तर त्यात शून्य येईल आणि गाडी पुढे सोडली जाईल.

असे का होते? आपण जागे असतो तोवर मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. ते जितके साचेल तितकी झोप अनावर होते आणि झोप घेतली की ते ओसरते. उधारीच्या वहीसारखा हा मामला आहे. रोज थोडी उधारी राहिली, तर ती पुढच्या पानावर ओढली जाते. त्यातच शरीराला स्वतःचे घड्याळ असते. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत ते सावधपणा आपोआप खाली आणते. माणूस कितीही तयारीचा असला तरी ही ओहोटी चुकत नाही. म्हणजे खंबाटकी घाट उतरून किंवा कात्रजचा बोगदा ओलांडून पहाटे चारला जो फाट्यावर पोहोचतो, तो उधारी आणि ओहोटी दोन्ही एकाच वेळी अंगावर घेऊन आलेला असतो.

झोप अनावर झाली की डोळे पूर्ण मिटतातच असे नाही. मेंदू दोन-चार सेकंद बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. यालाच आपण डुलकी म्हणतो. पुष्कळदा ती लागून गेल्याचे त्या माणसालाही कळत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. चार सेकंदांच्या डुलकीत जवळजवळ ९० मीटर रस्ता चालकाविना कापला जातो. म्हणूनच डुलकीच्या अपघातात रस्त्यावर ब्रेकच्या खुणा बहुतेक दिसत नाहीत. ब्रेक दाबायला कोणी जागे नसते.

काच खाली घेणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखू मळणे हे उपाय प्रत्येक चालकाला ठाऊक असतात. त्यांचा परिणाम काही मिनिटांचा. चहा-कॉफीतले कॅफिन अडेनोसिनची वाट काही काळ अडवते, पण त्याचा गुण यायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि उधारी तर तशीच राहते. ब्रिटनमधल्या प्रयोगांत त्यातल्या त्यात उपयोगी ठरलेली युक्ती अशी: गाडी बाजूला घ्यावी, कॉफी प्यावी आणि लगेच पंधरा मिनिटे पडावे. डुलकी संपते तेव्हा कॅफिनचा गुण सुरू झालेला असतो. यासाठी दोन गोष्टी लागतात: सुरक्षित जागा आणि पंधरा मिनिटे थांबायची मुभा. मागे बसलेल्यांनी ‘काका, सूर्योदयाच्या आत पोहोचायचंय’ म्हटले की दुसरी गोष्ट गेलीच.

शेवटचे तीन तास कोणाचे?

चालक एवढे तास का चालवतो? लोभ म्हणून? एक सोपा हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपापल्या गाडीचे आकडे त्यात घालावेत.

समजा, गाडीचा बँकेचा हप्ता दिवसाला सहाशे रुपये पडतो. इंधन नऊशे. विमा, पासिंग, टायर, टोल, दुरुस्ती मिळून तीनशे. दिवसाचे अठराशे रुपये गाडीच खाते. तासाला सरासरी १८० रुपये सुटत असतील, तर पहिले दहा तास तो गाडीसाठी राबतो. अकराव्या तासाला त्याच्या घरासाठी पहिला रुपया सुटतो. तेरा तास चालवले तर घरी ५४० रुपये जातात.

या हिशेबात लपलेली गोष्ट जीवघेणी आहे. चालकाची स्वतःची कमाई दिवसाच्या सर्वांत थकलेल्या तासांत होते. ‘थकलास तर घरी जा’ असे आपण त्याला सांगतो, तेव्हा प्रत्यक्षात ‘आजची मजुरी सोड’ असे सांगत असतो.

आता भाड्याचा दर दहा टक्क्यांनी घटला असे धरा. तासाला १८०चे १६२ झाले. घरी तेच ५४० रुपये न्यायचे, तर दिवसाला २,३४० रुपये जमले पाहिजेत. त्यासाठी साडेचौदा तास लागतात. दहा टक्क्यांच्या कपातीने जवळजवळ दीड तास वाढवला, तोही रात्रीच्या टोकाला. भाड्याचा दर हा पैशाचा प्रश्न म्हणून चर्चेला येतो, पण तो झोपेचाही प्रश्न आहे. पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने वातानुकूलित टॅक्सीसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरवला. ॲपवर तो दर मिळावा म्हणून २०२४च्या फेब्रुवारीत पुण्यातल्या चालकांनी गाड्या बंद ठेवल्या. त्या बातम्या आपण ‘प्रवाशांचे हाल’ या मथळ्याखाली वाचल्या. रस्ता सुरक्षेच्या पानावर त्या कोणी छापल्या नाहीत.

मिळकत आणि अपघात यांचा हा संबंध कल्पनेतला नाही. अमेरिकेत १९९०च्या दशकात एका मोठ्या मालवाहतूक कंपनीने चालकांचे मैलामागचे वेतन एकदम वाढवले. पुढे अभ्यासकांनी त्या कंपनीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चांगल्या वेतनाबरोबर अपघाताची शक्यता स्पष्टपणे घटलेली दिसली. चांगले वेतन मिळाले की अनुभवी माणसे टिकतात, आणि जास्तीच्या फेरीसाठी जिवावर उदार होण्याची गरज उरत नाही.

पैशाची ओढ आणखी एका वाटेने रस्त्यावर येते. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचा तो लांबलचक उतार नसरापूरकडून पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे म्हटले गेले. पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले ते असे, की इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते.

ती गाडी मालवाहू होती, पण उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची किंवा किल्लीच फिरवायची सवय जीप आणि मोटारींतही आहे. म्हणून तिचे यंत्रशास्त्र समजून घेऊ. मोटारीचा ब्रेक हलक्या पायाने लागतो, कारण इंजिन चालू असताना तयार होणारी निर्वात शक्ती पायाला मदत करते. इंजिन बंद झाले की ती मदत दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत पुरते, मग पॅडल दगडासारखे होते. स्टिअरिंगही जड होते. अवजड वाहनात हवेच्या दाबावर ब्रेक चालतात. इंजिन थांबले की ती हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. शिवाय गिअर काढला की इंजिनाचा आवरही जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापतात, त्यांची पकड सुटते. आणि यातून वाचते काय? आजच्या इंजिनांत, गाडी गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप तुटतो. म्हणजे गिअरमध्ये उतरणारी गाडी न्यूट्रलमधल्या गाडीपेक्षा कमी इंधन पिते. ही माहिती प्रत्येक स्टँडवर पोहोचली पाहिजे. तिच्या सोबत हेही कळले पाहिजे, की चमचाभर डिझेलसाठी माणूस जीव टांगणीला लावतो तेव्हा त्याच्या हिशेबात चमचाभर डिझेलही मोजावे लागत असते.

नंबरची रांग आणि सीटची शर्यत

आता तिसऱ्या गाडीकडे, वेल्ह्याच्या जीपकडे येऊ. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे, पण फाट्यावरची हाक अजून ‘वेल्हा, वेल्हा’ अशीच असते. नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर असे करत हा रस्ता तोरण्याच्या पायथ्याला जातो. एसटी चुकली किंवा आलीच नाही, तर शाळेची पोरे, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या, बाजाराची पाटी घेतलेल्या बाया यांना जीपच घरी नेते. तिला नावे ठेवण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

या जीपचे उत्पन्न दोन गोष्टींवर ठरते: फेरीत किती सीट भरल्या आणि दिवसात किती फेऱ्या झाल्या. डिझेल मात्र फेरीमागे जवळपास तेवढेच जळते. समजा, नववी सीट भरेपर्यंत खर्च निघतो आणि त्यानंतर बसलेला प्रत्येक माणूस निव्वळ नफा असतो. म्हणून पुढे चालकाशेजारी दोघे-तिघे, मागे दाराला लटकलेला एखादा, असे दृश्य दिसते. त्याचा धोका वजनापुरता नाही. चालकाचा हात गिअरपर्यंत मोकळा जात नाही, डावा आरसा झाकला जातो, टपावरच्या ओझ्याने गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती कलंडायला लवकर तयार होते.

फाट्यावर एक जुनी, कोणी कागदावर न लिहिलेली व्यवस्था असते: नंबर. आला त्याने रांगेत उभे राहायचे, पुढची गाडी भरून सुटली की आपला नंबर. बाहेरच्या माणसाला ती कूर्मगती वाटते. मला ती रस्ता सुरक्षेची एक उत्तम देशी युक्ती वाटते. ज्याचा नंबर पक्का आहे, त्याला पुढच्या थांब्यावरचा प्रवासी दुसऱ्याच्या आधी गाठायचा नसतो. जिथे नंबर मोडतो, तिथे शर्यत सुरू होते. मग दोन जीप एकमेकींच्या पुढे काढतात, थांबा दिसला की एकदम आडव्या लागतात, उतरणाऱ्याचा पाय टेकायच्या आत सुटतात.

या शर्यतीचे मोजमाप जगात एके ठिकाणी नीट झाले आहे. चिलीची राजधानी सान्तियागो इथे एकेकाळी काही बसचालकांना ठरलेला पगार मिळे आणि काहींना प्रवाशामागे पैसे. दोन्ही प्रकारच्या बस त्याच शहरात, तशाच रस्त्यांवर धावत. अर्थशास्त्रज्ञांनी तुलना केली, तेव्हा प्रवाशामागे पैसे मिळणाऱ्या चालकांच्या मार्गांवर लोकांना बससाठी थोडे कमी थांबावे लागत होते. मात्र त्या चालकांचे किलोमीटरमागचे अपघात सुमारे ६७ टक्क्यांनी जास्त होते. त्या चढाओढीला सान्तियागोत ‘तिकिटासाठीचे युद्ध’ असेच नाव पडले होते. पगाराची रीत बदलली की गाडी चालवायची रीत बदलते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

शर्यतीतून वाचणारा वेळही पाहून ठेवू. चेलाडी फाट्यावरून कात्रजच्या बाजूला पंचवीस किलोमीटरचा टप्पा धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने पंचवीस मिनिटे लागतात, ताशी ७५ ने वीस. पाच मिनिटे वाचली. ती पुढच्या सीट भरायच्या रांगेत किंवा कात्रजच्या कोंडीत विरून जातात. आणि मोल? सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ॲपवरच्या टॅक्सीने हीच सीटची शर्यत खिशातल्या पडद्यावर आणली. भाडे आल्याचा आवाज होतो आणि ते स्वीकारायला मोजके सेकंद मिळतात. ठरावीक फेऱ्या पूर्ण केल्या तर जास्तीचे पैसे, एक फेरी कमी पडली तर काही नाही. बाराव्या तासाला दोन फेऱ्या उरलेल्या माणसाची नजर रस्त्यावर किती आणि पडद्यावर किती, हे त्या योजनेनेच ठरवलेले असते.

कागदावर झोपेचा रकाना नाही

२०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा वार्षिक अहवाल या मृत्यूंची नियमभंगानुसार वाटणी करतो: अतिवेग, मद्यपान, उलट दिशेने वाहन, सिग्नल तोडणे, मोबाईल आणि ‘इतर’. त्या वर्षीचे सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. या तक्त्यात झोपेसाठी रकाना नाही. चालक किती तास कामावर होता, गाडी स्वतःची होती की रोजाची, मागची सुट्टी कधी झाली, हेही त्यातून कळत नाही.

डुलकी लागलेली गाडी वेग कमी न करता आदळते. कागदावर ती ‘अतिवेग’ किंवा ‘हयगयीने वाहन चालवणे’ म्हणून उतरते. नोंद चुकीची नसते, पण कारणाची साखळी तिथेच तुटते. जे मोजले जात नाही, त्यावर पैसाही खर्च होत नाही. म्हणून आपण वेगाचे कॅमेरे लावतो आणि चालकासाठी खाट कोणी लावत नाही.

शिक्षाही अशीच साखळीच्या शेवटच्या कडीवर येऊन थांबते. भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी काम बंद ठेवले आणि महाराष्ट्रातही पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. जखमीला टाकून पळणे अक्षम्यच आहे. पण ज्या मालकाने सलग दोन रात्री गाडी चालवायला लावली, किंवा ज्या कंत्राटाने रात्रपाळी सोडून पहिली पाळी उचलायला त्याच माणसाला पाठवले, त्यांचा त्या कलमात उल्लेखही नाही.

कायदा आहे, त्याच्या हाताला गाडी लागत नाही

भारतात मोटार कामगारांच्या तासांसाठी कायदा १९६१ मध्येच आला. मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची सुट्टी बंधनकारक केली. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमानेही चालकांच्या कामाच्या तासांसाठी याच मर्यादांकडे बोट दाखवले. झोपेचे शास्त्र एवढे पुढे गेलेले नसताना लिहिलेले हे नियम आजही शहाणपणाचे वाटतात.

अडचण एका अटीत होती. हा अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांसाठी होता. चेलाडी फाट्यावरच्या तिन्ही गाड्या आठवा. जीपवाला स्वतःच मालक, स्वतःच चालक. कंपनीची गाडी कंत्राटदाराकडे ‘लावलेली’, म्हणजे कागदोपत्री तो कामगारच नाही. मुंबईची गाडी एखाद्या मालकाच्या दोन गाड्यांपैकी एक. कायद्याचे जाळे मोठ्या बस कंपन्यांपुरते विणलेले होते आणि ही मंडळी त्याच्या भोकांतून सहज बाहेर राहिली. कामाचे तास आठ, असे पुस्तकात लिहिलेले, आणि फाट्यावर त्याची हजेरी घेणारा कोणी नाही.

ॲपच्या टॅक्सीसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसात बारा तासांपेक्षा जास्त लॉगिन नको, त्यानंतर दहा तासांची सक्तीची विश्रांती हवी, आणि एकापेक्षा जास्त ॲपवर काम करणाऱ्याचे तास एकत्र मोजावेत, असे त्यांत म्हटले. यातले शेवटचे कलम कळीचे आहे. एका ॲपने बारा तासांनंतर बंद केलेला चालक दुसऱ्या ॲपवर सकाळच्या ताजेपणाने हजर होऊ शकतो, कारण ॲपला त्याचे डोळे दिसत नाहीत. न्यूयॉर्कने हे कोडे नोंदीच्या जोरावर सोडवले. तिथल्या टॅक्सी आयोगाने चालकाला चोवीस तासांत दहा तास आणि आठवड्याला साठ तास प्रवासी वाहतुकीची मर्यादा घातली, आणि कंपन्यांना फेऱ्यांच्या नोंदी द्यायला लावल्या. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांतले तास एकाच वहीत येतात.

तासांचे बंधन घालून मिळकतीचा प्रश्न तसाच ठेवला, तर चालक बंधन चुकवील. अकराव्या तासाला सुरू होणारी कमाई आपण आधी पाहिली आहे. म्हणून तासांची मर्यादा आणि किमान भाडे या दोन गोष्टी एकत्रच आणाव्या लागतात.

नसरापूरच्या पातळीवर

मोठे कायदे दिल्ली-मुंबईत होतील. पण बऱ्याच गोष्टी चेलाडी फाट्यापासून गुंजवण्यापर्यंतच्या पट्ट्यातच करता येण्याजोग्या आहेत.

सिडनीतल्या टॅक्सीचालकांवर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की पाळीच्या मधे जे जास्त वेळ विश्रांती घेत, त्यांचे अपघात कमी होते. हेही दिसले, की चालकांना अपघाताचा धोका स्वतःपेक्षा इतरांना जास्त आहे असे वाटे. ‘मी रोजचा आहे या रस्त्याचा’ हे वाक्य जगभर सारखेच असावे. तेव्हा विश्रांती चालकाच्या मर्जीवर सोडू नये, ती जागेने आणि वेळेने बांधून द्यावी. फाट्यावर पत्र्याची का होईना सावली, चार बाकडी, पाणी आणि स्वच्छतागृह असेल, तर नंबरची वाट पाहण्याचा वेळच विश्रांतीचा होईल. आज तो स्टिअरिंगवर डोके टेकून, तापलेल्या पत्र्याखाली जातो.

कारखान्यांनी गाडी लावताना कंत्राटात एक ओळ घालावी: रात्रपाळी सोडणारा चालक पहिल्या पाळीला येणार नाही. आपल्या यंत्रावर सलग दोन पाळ्या करू न देणारा व्यवस्थापक आपल्या कामगारांना बावीस तास जागलेल्या माणसाच्या गाडीत बसवतो, यात त्याला विसंगती दिसली पाहिजे. कामगाराची सुरक्षा फाटकाच्या आत सुरू होत नाही, ती घराच्या दारातून सुरू होते.

वेल्ह्याच्या लाइनवरच्या मंडळींनी नंबर जपावा आणि प्रवाशांनी त्याची किंमत ओळखावी. ‘ती मागची गाडी सोडतीय का लवकर?’ असे विचारून रांग मोडायला लावणारे बहुतेक वेळा आपणच असतो. आणि एसटीच्या फेऱ्या वेळेवर आल्या, तर जीपमध्ये चौदावा माणूस कोंबण्याची वेळच येणार नाही. एसटी ही जीपची वैरीण वाटते, पण वेळेवर येणारी एसटी जीपमधल्या माणसांचीही राखण करते.

आणि ट्रेकवाले. हा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण इथे कोणत्याही सरकारची वाट पाहावी लागत नाही. गाडी ठरवताना आपण जेवणाचा बेत आणि गडाचा नकाशा पाहतो. त्याच फोनवर चालकाला दोन प्रश्न विचारता येतात: ‘दादा, आदल्या रात्री झोप होईल ना? दिवसा दुसरं भाडं आहे का?’ उत्तर अडखळले तर रात्री अकराऐवजी पहाटे चारला निघावे. राजगड कुठे जात नाही. पायथ्याच्या गुंजवणे, वेल्हे या गावांत घराघरांतून ट्रेकवाल्यांना चहा-पिठलं मिळते, पथारीही मिळते. पंधरा जणांच्या जेवणाची ऑर्डर देताना त्याच घरात चालकासाठी एक खाट सांगावी. आपण गडावर असताना त्याने ओसरीवर, पंख्याखाली, चार-पाच तास झोपावे. त्याचे जे काही शे-दोनशे रुपये होतील, ते गाडीच्या भाड्यातच धरावेत. माणशी दहा-पंधरा रुपयांपेक्षा जास्त पडणार नाहीत.

संध्याकाळी गड उतरून सगळे गाडीशी येतात, तेव्हा पाय दुखत असतात, डोळे मिटत असतात. कात्रजच्या उताराआधीच आपल्या सगळ्यांना झोप लागणार आहे. पुढच्या सीटवरचा माणूस दुपारी झोपला होता, हे माहीत असले की ती झोप निर्धास्त लागते.